सुखान्त कोणाच्या वाट्याला

सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात हौशीने नाटक करणाऱ्या मुलामुलींचा एक गट आहे. त्यांनी गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संशयकल्लोळ'वर तासाभराचा चित्रपट करायचे ठरवले आहे. काळ १८९०च्या आसपासचा आणि जागा आमचीच आहे: खाडीकाठची पेठ, माडापोफळींच्या बागा, चिऱ्याची घरे आणि त्यांच्या उतरत्या कौलांखालच्या पडव्या. पटकथेच्या वाचनाला त्यांनी मलाही बोलावले होते. वाचन चांगले झाले. मग कोणती भूमिका कोणाला द्यायची याची चर्चा निघाली आणि पहिल्या दहा मिनिटांत तीन वाक्ये कोणीही न अडखळता बोलून गेले. नायिका रेवती गोरी हवी. संशयी नवरा फाल्गुनराव आणि रेवतीशी लग्न करू पाहणारा अश्विनशेठ शुद्ध बोलतील. भादव्या गडी मालवणी बोलेल, म्हणजे लोक हसतील. ही सगळी मुले स्वतः घरी मालवणी बोलतात आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात कोणाला हिणवायचा हेतू नव्हता, म्हणूनच ती वाक्ये मला अधिक लागली.

जुन्या रंगभूमीवरच्या सुखात्मिकांचे, म्हणजे हसवणाऱ्या आणि शेवट गोड होणाऱ्या नाटकांचे, त्या काळच्या वेशभूषेत चित्रपट होतात तेव्हा पडद्यावर कोणी दिसावे, हा वाद इंग्रजी सिनेमात निदान तीस वर्षे चालू आहे. आपल्याकडे तो फारसा झालेला नाही, कारण अशा चित्रपटांची संख्याच थोडी होती. पण २०२५च्या जानेवारीत खाडिलकरांच्या १९११ सालच्या 'मानापमान'वर आधारलेला मोठा चित्रपट येऊन गेला आहे, आणि आता हाती बरा कॅमेरा असलेला प्रत्येक हौशी गट आजोबांच्या काळातल्या नाटकांकडे वळू लागला तर त्यात नवल नाही. तेव्हा हा वाद आपण आपल्या शब्दांत घालायला हवा.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. सुखात्मिकेत मुख्यतः दोन गोष्टींची वाटणी होते, हसण्याची आणि लग्नाची. कोण कोणाला हसतो आणि शेवटच्या अंकात कोणाचा संसार मांडला जातो, यावर त्या नाटकाचे सगळे जग उभे असते. म्हणून अशा चित्रपटातले प्रतिनिधित्व केवळ चेहरे मोजून ठरत नाही. वेगळ्या वर्णाचा, जातीचा, बोलीचा किंवा शरीराचा माणूस पडद्यावर आला, एवढ्याने काम भागत नाही. त्याच्या तोंडी चतुराईचे बोलणे आहे की त्याच्या बोलण्यावरच हशा घेतला आहे, आणि वरात निघते तेव्हा तो वरातीत आहे की दिवटी धरून बाजूला उभा आहे, हे पाहावे लागते.

याला पहिला विरोध येतो तो 'मूळ नाटकाशी इमान' या नावाने. त्याचे उत्तर खुद्द 'संशयकल्लोळ'च्या जन्मकथेत आहे. फ्रेंच नाटककार मोलिएरने १६६०मध्ये पॅरिसमध्ये 'स्गानारेल' हे छोटे प्रहसन रंगभूमीवर आणले. एका तसबिरीवरून नवराबायकोच्या मनात उठलेल्या संशयाची ती गोष्ट आर्थर मर्फीने १७६१मध्ये इंग्रजी रंगभूमीवर आणली, आणि तिथून देवलांनी ती उचलून १८९३मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले. त्यालाच पदांची जोड मिळून १९१६मध्ये गंधर्व नाटक मंडळीने 'संगीत संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणले. पॅरिसचा संशयी नवरा फाल्गुनराव झाला, बायको कृत्तिका झाली, महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे अंगावर घेऊन सगळी मंडळी मराठी झाली, आणि आज कोणालाही ती परकी वाटत नाहीत. ज्या नाटकाने अडीचशे वर्षांत दोनदा भाषा आणि दोनदा देश बदलला, त्याच्या नायिकेचा वर्ण मात्र ठरलेला आहे असे आपण म्हणतो, तेव्हा आपण इमान राखतो ते मूळ नाटकाशी नसून आपल्या सवयीशी.

शिवाय रंगभूमीने वास्तवाशी असे इमान कधी राखलेच नव्हते. शेक्सपिअरच्या काळात व्हायोला आणि रोझलिंड या नायिकांच्या भूमिका मुलगे करत. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया उभ्या राहू लागल्या त्या १६६०च्या सुमारास. आपल्याकडे १९१६ची रेवती बालगंधर्वांची होती. कोकणच्या दशावतारी खेळात आजही दिवसा शेतात राबणारा गडी रात्री लुगडे नेसून द्रौपदी होतो आणि एक लाकडी बाकडे हेच सिंहासन, हाच डोंगर आणि हाच रथ असतो. पटकथेच्या वाचनाला आमच्या वाडीतले एक काका आले होते, ज्यांनी चाळीस वर्षे दशावतारात स्त्रीभूमिका केल्या. गोऱ्या रेवतीचा विषय निघाला तेव्हा ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग मला म्हणाले, "अरे झिला, राजा काय कातडेन होणा नाय, बोलण्यान होता." जत्रेच्या रात्री त्यांच्यासमोर बसणाऱ्या प्रेक्षकाला हे कधी समजावून सांगावे लागले नव्हते.

पण चित्रपट म्हणजे दशावतार नव्हे, हेही खरे आहे आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. कॅमेरा जवळ जातो, भिंतीचा गिलावा आणि लुगड्याचा काठ दाखवतो, आणि 'हे असेच होते' असा भरवसा नकळत देतो. बाकड्याला सिंहासन मानणारा प्रेक्षक चित्रपटगृहात बसला की खऱ्या सिंहासनाची अपेक्षा करू लागतो. म्हणून काळ दाखवणाऱ्या चित्रपटाला इतिहासाचा प्रश्न विचारणे योग्यच आहे. माझी तक्रार एवढीच की, हा प्रश्न विचारणारे बहुधा इतिहास न पाहताच विचारतात.

आपल्याच किनाऱ्याचा इतिहास पाहा. मुरूडच्या समोर समुद्रात जंजिरा आहे आणि त्याच्या भोवतीच्या मुलखाला आपल्या कागदपत्रांत 'हबसाण' म्हटले जाई, कारण तिथे आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींची सत्ता होती. ते संस्थान १९४८पर्यंत टिकले. अलिबाग, नवगाव, रेवदंडा या भागात बेने इस्रायली या ज्यू समाजाचे लोक कित्येक पिढ्या तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. ते मराठी बोलत, गावावरून 'कर' लावलेली आडनावे घेत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या धर्मग्रंथांतल्या कथांवर मराठीत कीर्तनेही करत. हिंदी चित्रपटात 'डेव्हिड' या नावाने सर्वांना आवडलेल्या नटाचे आडनाव चेऊलकर होते, हे किती जणांना आठवते? रेवदंड्याच्या पलीकडे कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली आजही बोलली जाते. रत्नागिरी जिल्ह्यात दालदी मुसलमान मच्छीमारांची, सिंधुदुर्गात गाबित मच्छीमारांची होडकी आहेत. आणि रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६पासून कुटुंबासह नजरकैदेत राहत होता. बालगंधर्व रेवती म्हणून उभे राहिले त्याच १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला. त्याच्या थोरल्या मुलीचा जीव इथल्याच एका नोकरावर जडला आणि तिचा वंश रत्नागिरीत राहिला. अशी गोष्ट कोणी सुखात्मिकेत घातली असती, तर आजचा प्रेक्षक तिला 'ओढूनताणून आणलेली विविधता' म्हणाला असता.

१८९०च्या कोकणी पेठेचे दृश्य उभे करताना सगळ्या माणसांना एकाच वर्णाचे, एकाच बोलीचे आणि एकाच धर्माचे दाखवणे हेच इतिहासाला सोडून आहे. इंग्लंडच्या बाबतीतही असेच म्हणता येते. सातव्या आणि आठव्या हेन्रीच्या दरबारात जॉन ब्लँक नावाचा कृष्णवर्णीय तुतारीवादक नोकरीला होता आणि त्याचे चित्रही उपलब्ध आहे.

तरीही इतिहासाचा आधार सापडला की वाद मिटला, असे मला वाटत नाही. कारण मग प्रत्येक नटाला पडद्यावर येण्यासाठी पुरावा दाखवावा लागेल, आणि गोऱ्या नटाकडे मात्र कोणी दाखला मागणार नाही. म्हणून मी परत वाटणीच्या प्रश्नाकडे येतो.

केनेथ ब्रॅनाने १९९३मध्ये 'मच अ‍ॅडो अबाउट नथिंग' हा शेक्सपिअरच्या नाटकावरचा चित्रपट इटलीतल्या टस्कनीत चित्रित केला. त्यात राजपुत्र डॉन पेद्रोची भूमिका डेन्झेल वॉशिंग्टनने केली आणि त्याच्या अनौरस भावाची किआनू रीव्हजने. दोन भावांचे वर्ण वेगळे का, याचा खुलासा चित्रपट करत नाही आणि पाहताना त्याची गरजही वाटत नाही. डॉन पेद्रो हा त्या नाटकातला सर्वांत वरच्या दर्जाचा माणूस आहे. वॉशिंग्टन ती प्रतिष्ठा सहज पेलतो. पण नाटक डॉन पेद्रोला बायको देत नाही. तो बिअ‍ॅट्रिसला अर्ध्या थट्टेत मागणी घालतो, ती गोड शब्दांत नाकारते, आणि शेवटी सगळे नाचत असताना 'राजपुत्रा, तू उदास दिसतोस, बायको कर' असा सल्ला त्याला ऐकावा लागतो. हे शेक्सपिअरने लिहिलेले आहे, दिग्दर्शकाने रचलेले नाही. तरी चित्रपटातली ती एक कृष्णवर्णीय मोठी भूमिका आणि तोच एकटा उरलेला माणूस, हे पाहणाऱ्याच्या मनात जुळतेच. याच नाटकाच्या शेवटच्या अंकात नवरदेव क्लॉडिओ म्हणतो की, वधू हबशीण असली तरी मी माझा शब्द फिरवणार नाही. हे वाक्य ठेवायचे की गाळायचे, हा निर्णय प्रत्येक दिग्दर्शकाला घ्यावा लागतो. कोणी हे नाटक मुरूडच्या मैदानावर मराठीत केले, तर समोरच्या रांगेत बसलेल्या सिद्दी कुटुंबाने त्या वाक्यावर हसावे अशी अपेक्षा तो कोणत्या तोंडाने करणार?

तीन वर्षांनी, १९९६मध्ये, ट्रेव्हर नन याने शेक्सपिअरचेच 'ट्वेल्फ्थ नाइट' इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्यावर चित्रित केले. वेशभूषा एकोणिसाव्या शतकातली होती. त्यातला विदूषक फेस्टे बेन किंग्जलेने केला, ज्याचे जन्मनाव कृष्णा भानजी आणि वडिलांचे घराणे मूळचे गुजराती. फार उत्तम काम आहे ते. दुरून सगळे जाणणारा, कोणाच्याही घरात पूर्ण न मिसळलेला माणूस त्याने उभा केला आहे. पण विदूषकालाही नाटकात लग्न नाही. शहाणपण आहे, गाणे आहे, आणि शेवटी एकट्याने निघून जाणे आहे. एकाच दशकातल्या या दोन चित्रपटांत बाहेरच्या वंशाच्या नटांच्या वाट्याला मान आला, शहाणपण आले, आणि एकटेपण आले. हे कोणी जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. जी माणसे चांगल्या हेतूनेही दुसऱ्याला आपल्या घरात बसवतात, ती त्याला आधी बैठकीच्या खोलीत बसवतात. माजघरात यायला वेळ लागतो, आणि सुखात्मिका माजघरात घडते.

२००६मध्ये ब्रॅनानेच 'अ‍ॅज यू लाइक इट' केले तेव्हा ती पायरी ओलांडली गेली. ऑर्लँडो आणि ऑलिव्हर हे दोघे भाऊ डेव्हिड ओयेलोवो आणि एड्रियन लेस्टर या कृष्णवर्णीय नटांनी केले, आणि शेवटी रोझलिंड आणि सीलिया यांच्याशी त्यांची लग्ने लागतात. प्रेमाचे शब्द, मत्सर, पश्चात्ताप, वरमाला, सगळे त्यांच्या वाट्याला आले. इतके सगळे जमून आले असताना त्याच चित्रपटात दुसरी चूक झाली. कथा एकोणिसाव्या शतकातल्या जपानमध्ये, इंग्रज व्यापाऱ्यांच्या वसाहतीत नेली गेली. किमोनो आले, कुस्तीचे मल्ल आले, दगडी बाग आली, पण कथेचा भार वाहणाऱ्या भूमिका इंग्रज आणि अमेरिकन नटांकडेच राहिल्या. चित्रीकरण झाले ते इंग्लंडमध्येच, बरेचसे ससेक्सच्या एका बागेत. जपान घेतला आणि जपानी माणसे गाळली.

कोकणातल्या प्रेक्षकाला हा अनुभव नवा नाही. आमचा समुद्र, आमच्या खाड्या, आमची देवळे आणि आमची कौलारू घरे पडद्यावर नेहमी येतात. त्या घरांच्या अंगणात बोलणारी माणसे मात्र शहरातून आलेली असतात आणि आम्ही पाहुणचार करताना, होडी वल्हवताना किंवा पडवीत सुपारी कातरताना मागे दिसतो. बोलायची वेळ आली की आमच्या वाट्याला येते ते एखादे गमतीचे मालवणी वाक्य. मुंबईच्या घरांत कोकणातून आलेल्या घरगड्याला त्याचे नाव काहीही असले तरी 'रामा' म्हणायची रीत होती, आणि रंगभूमीने तोच रामा उचलून नाटकात ठेवला. मालक प्रमाण भाषेत बोलणार, रामा हेल काढून बोलणार आणि हशा रामाच्या हेलावर येणार. अशा नाटकांत कोकणी माणूस असतो आणि तोच सर्वांत जास्त हशा मिळवतो, म्हणून 'प्रतिनिधित्व आहे की' असे म्हणणाऱ्यांना मी हे सांगेन की, कोणाच्या विनोदबुद्धीला हसणे आणि कोणाच्या जिभेला हसणे यांत फार अंतर आहे.

ते अंतर मराठी प्रेक्षकाला एकदा एका नाटकाने प्रत्यक्ष दाखवले. माडबनच्या गंगाराम गवाणकरांनी लिहिलेले 'वस्त्रहरण' १९८०मध्ये मच्छिंद्र कांबळी यांच्या प्रमुख भूमिकेसह रंगभूमीवर आले आणि त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. गावातली मंडळी महाभारतातला प्रसंग उभा करतात आणि त्यांची जी त्रेधा उडते, तिचे ते नाटक आहे. त्यातही हशा मालवणीवर आहे, पण तिथे मालवणी बोलणारेच राजे आहेत, तेच दिग्दर्शक आहेत, तेच भांडतात, तेच समजूत घालतात; त्यांच्याकडे वरून पाहून हसणारा प्रमाण भाषेतला मालक रंगमंचावर नाही. तीच बोली, तसाच हेल, पण हसणे आतून येते. आमच्या आईवडिलांच्या पिढीने मुंबईत चारचौघांत मोठ्याने मालवणी बोलायला सुरुवात केली त्यात या नाटकाचा वाटा मोठा आहे, असे मी माझ्या घरातल्या अनुभवावरून म्हणतो.

हसण्याच्या वाटणीचे सर्वांत कठीण उदाहरण म्हणजे 'मर्चंट ऑफ व्हेनिस'. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३च्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत हे नाटक सुखात्मिकांच्या यादीत छापलेले आहे. म्हणजे शायलॉक या ज्यू सावकाराची फजिती हा त्या काळच्या प्रेक्षकांच्या आनंदाचा भाग होता. मायकेल रॅडफर्डने २००४मध्ये त्या काळचेच व्हेनिस उभे करून हा चित्रपट केला. सुरुवातीलाच त्याने ज्यूंचा त्या शहरात कसा छळ होई ते दाखवले, आणि शेवटी सगळी जोडपी सुखात असताना अल पचिनोचा शायलॉक आपल्या प्रार्थनामंदिराच्या बंद दाराबाहेर उभा आहे. नाटकातला शब्द फारसा न बदलता त्याने हशा काढून घेतला. ज्या किनाऱ्यावर ज्यू म्हणजे शेजारचा तेली, आणि १९४८नंतर इस्रायलला निघून गेलेला वर्गमित्र, तिथल्या प्रेक्षकाला हे दृश्य अधिक कळावे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. तो या बदलांच्या विरोधकांकडून येत नाही, तर ज्यांच्यासाठी हे बदल करायचे त्यांच्याकडूनच येतो. तुम्ही जुन्या काळात सगळ्यांना एका पंगतीला बसवून दाखवलेत, तर त्या काळची पंगत कशी मांडली जाई हे पुसले जाईल, असे ते म्हणतात. महाडचे चवदार तळे कोकणातच आहे आणि १८९०नंतर सदतीस वर्षांनी, १९२७मध्ये, तिथले पाणी पिण्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला. मग १८९०च्या सुंदर कोकणी चित्रपटात विहिरीवर सगळ्यांची हसतखेळत गर्दी दाखवणे हे प्रतिनिधित्व झाले की खोटे बोलणे झाले? मला हा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. त्यावर माझे उत्तर असे की, भूमिका कोण करतो आणि चित्रपटातले जग कसे आहे, हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि दोन्ही घ्यावे लागतात. अश्विनशेठची भूमिका कोणत्याही जातीच्या, कोणत्याही वर्णाच्या नटाने करावी. त्यात अडचण काहीच नाही, कारण जात चेहऱ्यावर लिहिलेली नसते, ती आपण आडनाव वाचून चेहऱ्यावर पाहतो. पण पडद्यावर विहीर दाखवणार असाल, तर तिच्यापासून कोण लांब उभे आहे तेही दिसू द्या. सुखात्मिकेला एवढे सत्य सोसत नाही असे म्हणणाऱ्यांनी देवलांचेच १८९९चे 'शारदा' आठवावे. म्हाताऱ्याला पैशासाठी विकल्या जाणाऱ्या मुलीची गोष्ट आणि पोट धरून हसवणारे प्रवेश त्यांनी एकाच नाटकात बसवले.

हे दोन निर्णय एकाच चित्रपटात वेगवेगळे घेता येतात याचे एक चांगले उदाहरण आहे. एडमाँ रोस्ताँने १८९७मध्ये आपल्या 'सिरानो' या नाटकाला वीरसुखात्मिका म्हटले होते; त्यावरच्या जो राइटच्या २०२१च्या चित्रपटात नायकाचे मोठे नाक नाही, तिथे पीटर डिंक्लेज आहे आणि त्याची कमी उंची हेच त्याच्या संकोचाचे कारण आहे. त्याच चित्रपटात देखण्या प्रियकराची, ख्रिस्तियाँची, भूमिका कृष्णवर्णीय नटाने केली आहे आणि तिच्याबद्दल कथा एक शब्दही बोलत नाही. एक वेगळेपण कथेचा कणा झाले, दुसरे नुसते तिथे आहे. दोन्ही मला पटले.

मोजणीबद्दल थोडे. ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीने २०२०मध्ये समावेशाचे चार निकष जाहीर केले आणि २०२४च्या पुरस्कारांपासून सर्वोत्तम चित्रपटाच्या स्पर्धेसाठी त्यांपैकी दोन पुरे करणे सक्तीचे झाले. दार उघडण्यासाठी असा नियम लागतो, हे मी मान्य करतो. आत आलेल्याला कुठे बसवतात ते नियमाला दिसत नाही.

आणि रेवती. तिच्यापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण गोऱ्याकाळ्याच्या वादात तिच्याबद्दलची मुख्य गोष्ट बाजूला पडते. देवलांची रेवती नायकिणीच्या घरातली मुलगी आहे. अश्विनशेठ तिच्याशी लग्न करू पाहतो आणि फाल्गुनराव तिच्याबद्दल भलते ते मनात आणू शकतो, त्याचे कारणच तिचे घर आहे. गोव्यापासून सावंतवाडी, मालवणपर्यंतच्या देवळांशी बांधलेल्या कलावंत, भाविणी, देवळी अशा समाजांतल्या स्त्रियांनी गाणे जिवंत ठेवले; मराठी संगीत नाटकाने आपले ऐश्वर्य ज्या गायकीतून घेतले तिचा मोठा ठेवा त्यांच्या घरांत होता. पण गाजलेल्या मंडळ्यांत रेवतीची भूमिका करायची संधी मात्र त्या घरांतल्या मुलीला नव्हती. ती पुरुष करत होते. स्त्रियांच्या काही नाटकमंडळ्या एकोणिसाव्या शतकातही होत्या, तरी त्यांच्याकडे पाहण्याची नजर संशयाचीच राहिली, आणि १९३०च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची मंडळी काढून या भूमिका करायला घेतल्या तेव्हा कुठे ती नजर हळूहळू वळू लागली. म्हणजे रेवती ही मराठी सुखात्मिकेतली अशी नायिका आहे जिला नाटकाने लग्न दिले, पण तिच्या खऱ्या बहिणींना नाटकात जागा दिली नाही.

आमच्या मुलांच्या पटकथेत रेवती 'गाणे शिकलेली व्यापाऱ्याची मुलगी' झाली होती. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की, आजच्या प्रेक्षकाला नायकीण वगैरे बरे दिसणार नाही, शिवाय गावातल्या त्या समाजाच्या लोकांना वाईट वाटेल. दुसरे कारण प्रामाणिक होते आणि त्यावर मी सहज बोलू शकलो नाही. पण तिचे घर पुसले तर गोष्टीत उरते ती एक हरवलेली तसबीर, आणि ज्यांना वाईट वाटेल म्हणून आपण पुसले त्यांना आपण विचारलेलेही नसते. त्यांच्यापैकीच एखादी मुलगी रेवती करेल, तिची आजी चाली सांगेल, आणि कॅमेरा त्या घराच्या माजघरात मानाने जाईल, अशी शक्यता कोणाच्या मनातही आली नव्हती. गोरी हवी, एवढेच आले होते.

त्यानंतर दोन बैठका झाल्या. भाषेबद्दल त्यांनी माझे ऐकले असे म्हणण्यापेक्षा स्वतःच विचार केला असे म्हणणे बरोबर होईल. आता फाल्गुनराव आणि कृत्तिका घरात मालवणीतच भांडतात, अश्विनशेठ कचेरीतल्या माणसांशी प्रमाण मराठी आणि रेवतीशी मालवणी बोलतो, आणि भादव्या त्याच बोलीत मालकाला अडचणीत आणणारे प्रश्न विचारतो. पेठेच्या दृश्यात शनिवारी बंद असलेला एक घाणा दिसणार आहे. रेवतीच्या आईचा प्रवेश मात्र अजून पटकथेत परत आलेला नाही. देवळामागच्या आळीत जाऊन तिथल्या बायकांशी आधी बोलावे, असे मी सुचवले आहे. चित्रीकरण पाऊस संपल्यावर सुरू होईल आणि तोवर वेळ आहे.